सहलीचा स्वयंपाक निखाऱ्यावर

सुगी उरकली की आपल्या बचत गटांत सहलीचा विषय निघतो. कुणी म्हणतं पेमगिरीला जाऊ, तिथला मोठा वड पाहू. कुणी म्हणतं भंडारदऱ्याला एक रात्र मुक्काम करू. ठिकाण पटकन ठरतं. मग जेवणाचं काय? घरी चुलीपुढे बसणारी बाई तिथंही चुलीपुढेच बसते. भाकरी थापायची म्हटली की एकीला जागचं हलता येत नाही. म्हणून आज आम्ही बिनभाकरीचा बेत सांगतो: रोडगे, भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि वरण.

आधी जागा. जमीन ज्याची असेल त्याला विचारा. चूल झाडाखाली मांडू नका. वडाखाली तर नाहीच. तिथं वाळला पाला असतो, पारंब्यांना झळ लागते. मोकळी जागा बघा आणि चारी बाजूंनी चार-चार पावलं गवत, काडीकचरा काढून टाका. चुलीला नदीतले ओले दगड घेऊ नका. आत पाणी मुरलेला दगड तापला की फुटतो आणि कपच्या उडतात. जळणात कण्हेरीची काडी येऊ देऊ नका, ती विषारी असते. प्लास्टिकची पिशवीही पेटवायला नको.

आता रोडगे. दहा जणींना दोन किलो गहू जाडसर दळून न्या. त्यात मीठ, ओवा, हळद आणि तेलाचं मोहन घाला. पिठाची मूठ वळली म्हणजे मोहन पुरेसं झालं. पीठ घट्ट मळा, लिंबाहून मोठे गोळे करा आणि थोडे दाबून चपटे करा. तोवर खणखणीत वाळलेल्या गोवऱ्या पेटवून ठेवा. ज्वाळा आणि धूर असताना घाई करू नका. त्यावर रोडगा वरून करपतो, आत कच्चा राहतो. गोवऱ्या लाल झाल्या की काठीने पसरा, गोळे ठेवा, उलटेपालटे करा. सगळ्या बाजूंनी डाग पडले की गरम राखेत झाका. साधारण अर्ध्या तासात होतात. एक फोडून बघा. मग फडक्यात घालून राख झटका आणि तुपात बुडवा.

त्याच निखाऱ्यात वांगी भाजा. आधी चीर देऊन कीड बघा, तेलाचा हात लावा. रताळी, कांदेही तसेच भाजतात. वरणाची डाळ सकाळीच भिजवून नेली तर जळण कमी लागतं. रोडगे राखेत असताना पाळीपाळीने एकीनेच राखण करायची. बाकीच्या गप्पा मारायला, फिरायला मोकळ्या.

विस्तवाजवळ नायलॉनची साडी नको, सुती नेसा आणि पदर खोचा. भाजलंच तर त्यावर टूथपेस्ट, हळद लावू नका. वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा, बर्फ नको. फोड मोठा असेल तर दवाखाना गाठा.

शेवटचं काम सगळ्यात मोठं. निखाऱ्यांवर नुसती माती लोटून निघू नका. मातीखाली विस्तव तासन्‌तास धुमसतो. पाणी शिंपडा, काठीने ढवळा, पुन्हा पाणी घाला. तळहाताची मागची बाजू वर धरून बघा. ऊब लागली तर अजून पाणी घाला. त्यासाठी पाण्याचा एक डबा आधीच बाजूला ठेवा.

भंडारदऱ्याला जाणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. तिथं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. जंगलाला धोका होईल असा विस्तव अभयारण्यात पेटवणं किंवा पेटता सोडून जाणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मुक्कामाला जिथं चुलीची सोय असेल तिथंच स्वयंपाक करा. फाल्गुन-चैत्रात डोंगरावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो. गुरांचा चारा जातो, घरटी जातात आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. आपली प्रवरा त्याच डोंगरांतून येते.

तर सख्यांनो, येत्या बैठकीत दोन नावं लिहून टाका: राखणीला कोण आणि चूल विझवायला कोण. मग खुशाल निघा. रोडग्यावर तूप मात्र हात आखडता न घेता वाढा!