सुटकेनंतरची बातमी

वसई-विरारमधल्या पत्रकार बंधू-भगिनींनो,

जनावरांच्या छळाची बातमी आपल्याकडे बहुधा सुटकेच्या दिवशीच संपते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर जनावरे कोंबलेला टेम्पो अडवला जातो, गुन्हा नोंदवला जातो, जनावरे गोशाळेत किंवा पांजरपोळात जातात आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रासह चार परिच्छेद छापून येतात. त्यांतली किती जगली, खटला उभा राहिला का, जनावरे पुन्हा मालकाकडे गेली का, हे वाचकाला कळत नाही. सुटका झाली असे आपण लिहितो, पण ती खरोखर झाली की नाही हे ठरते नंतरच्या महिन्यांत. म्हणून पाठपुरावा हा बातमीचाच उरलेला भाग आहे, असे माझे मत आहे.

कोल्हापूरच्या सुंदर हत्तीचे प्रकरण याचा पुरावा आहे. २००७ साली जोतिबा देवस्थानाला अर्पण केलेल्या या हत्तीला सोडण्याचा आदेश राज्य शासनाने ऑगस्ट २०१२ मध्ये काढला. सुंदर बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात पोहोचला, तो मात्र जून २०१४ मध्ये. मधल्या काळात त्याला होणाऱ्या मारहाणीचे चित्रण बाहेर आले आणि वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आदेशाची बातमी देऊन सगळेच गप्प बसले असते, तर जवळपास दोन वर्षे साखळीत राहिलेला हा हत्ती कागदोपत्री मुक्तच ठरला असता. कायद्याची धारही बोथट आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड लिहिलेला आहे. अशा दंडाचा धाक कोणाला वाटणार? त्यामुळे जनावराचा ताबा कोणाकडे राहतो आणि खटला चालेपर्यंत त्याच्या देखभालीचा खर्च कोण उचलतो, हे प्रश्नच निर्णायक ठरतात. ते विचारायला बातमीदार नसेल, तर दुसरे कोणी विचारत नाही.

यावर काही जण म्हणतात, की पाठपुरावा म्हणजे प्राणिमित्र संस्थांची फुकट जाहिरात. संस्थेने पाठवलेले पत्रक जसेच्या तसे छापले, तर हा आक्षेप खराच आहे. पण चांगला पाठपुरावा सोडवणाऱ्यालाही तपासतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी केंद्रात गेली, तेव्हा कोल्हापुरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. एका बाजूला श्रद्धा होती, दुसऱ्या बाजूला तिच्या पायांच्या दुखण्याचे वैद्यकीय अहवाल. अशा वेळी घोषणांपेक्षा वाचकाला हवी असते ती तिच्या प्रकृतीची नियमित आणि स्वतंत्र खबर. पाठपुरावा आरोपीच्याही उपयोगाचा असतो. जनावर हेच ज्याचे पोट आहे असा मालक निर्दोष सुटला, तर त्याच्या अटकेइतकीच ठळक बातमी त्याच्या सुटकेचीही व्हायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसांचे प्रश्न पडून असताना जनावरांसाठी जागा कुठून आणायची? मात्र मुक्या जिवाच्या खटल्यात जी यंत्रणा ढिली पडते, तीच माणसांच्या खटल्यातही असते. पोलीस ठाणे, पशुवैद्यकीय अधिकारी, महापालिका आणि न्यायालय यांच्यातला दुवा कुठे तुटतो, ते इथे उघड दिसते. शिवाय या कामाला मोठा खर्च लागत नाही. गुन्ह्याचा क्रमांक टिपून ठेवणे, तीन महिन्यांनी आणि वर्षाने एकेक फोन करणे, गरज पडल्यास माहितीचा अधिकार वापरणे एवढे पुरेसे आहे. आणि वसईला चिकाटी शिकवायला नको. ‘सुवार्ता’ मासिकाचे तत्कालीन संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह इथल्या माणसांनी वसईची हिरवाई वाचवण्याचा ‘हरित वसई’चा लढा वर्षानुवर्षे चालवला, एका मोर्च्यावर सोडून दिला नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की प्रत्येक वृत्तपत्राने आणि वाहिनीने सुटकेच्या बातम्यांची एक नोंदवही ठेवावी आणि एकही नोंद शेवट कळल्याशिवाय बंद करू नये. जनावर बरे झाले तर तसे लिहा, मेले तर तसे लिहा, आणि उत्तर मिळाले नाही तर कोणी दिले नाही त्याचे नाव लिहा.