‘ते अजून तयार नाहीत’: आफ्रिका, १९६०



१९६० म्हटलं की आपल्याला १ मे आठवतो, मुंबईसह महाराष्ट्र आठवतो. त्याच वर्षी अरबी समुद्रापलीकडे, आफ्रिकेत, सतरा देश स्वतंत्र झाले. १ जानेवारीला कॅमेरून, २८ नोव्हेंबरला मॉरिटानिया. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तर दिवसाआड एक झेंडा वर चढत होता: १ तारखेला दाहोमी, ३ ला नायजर, ५ ला अप्पर व्होल्टा, ७ ला आयव्हरी कोस्ट. १ ऑक्टोबरला नायजेरियाची पाळी आली.

त्या वर्षात आणखीही पुष्कळ घडलं. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन फेब्रुवारीत केपटाऊनच्या संसदेत उभे राहिले आणि या खंडावर बदलाचे वारे वाहत आहेत, असं गोऱ्या सत्ताधाऱ्यांना तोंडावर सांगून आले. त्यानंतर दहाच दिवसांनी फ्रान्सने अल्जीरियाच्या वाळवंटात, रेगानला, आपला पहिला अणुबॉम्ब फोडला. मोरोक्कोत भूकंपाने अगादीर शहर जमीनदोस्त केलं. सप्टेंबरात इथिओपियाचा अबेबे बिकिला रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी धावला आणि त्याने ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकली. ज्या रोमच्या फौजांनी पंचवीस वर्षांपूर्वी त्याचा देश गिळला होता, त्याच रोममध्ये.

पदवीदान समारंभात हे सगळं कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. त्या वर्षीचा सगळ्यात कळीचा वाद पदवीधरांवरून झाला, म्हणून. स्वतःचं राज्य चालवण्याइतके शिकलेले लोक या देशांकडे आहेत का? नसतील तर त्यांनी थांबावं का? आणि नसतील, तर ते कुणामुळे? या तीन प्रश्नांतला तिसरा फार थोड्यांनी विचारला. मला आज तोच तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

त्यासाठी बेल्जियन काँगोकडे पाहू. हा देश महाराष्ट्राच्या साडेसात पट मोठा. तांबं, कोबाल्ट, हिरे आणि युरेनियम यांनी भरलेला. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमधलं बरंचसं युरेनियम इथल्याच शिंकोलोब्वेच्या खाणीतलं होतं. ३० जून १९६० ला हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा अख्ख्या देशात विद्यापीठाची पदवी घेतलेले काँगोलीज तीसही नव्हते. आज या मांडवात पहिल्या दोन रांगांत जेवढे विद्यार्थी बसले आहेत, तेवढेसुद्धा नाहीत. डॉक्टर एकही नव्हता. सुमारे पंचवीस हजारांच्या फौजेत एकही काँगोलीज अधिकारी नव्हता. प्रशासनातल्या वरच्या हजारो जागांवर काळी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

बेल्जियमने शाळा काढल्या नव्हत्या, असं मात्र नाही. मिशनऱ्यांच्या प्राथमिक शाळा गावोगाव होत्या आणि त्यांत मुलंही भरपूर होती. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमकी उलटी तक्रार मांडली होती: कर रयतेकडून घेता आणि शिक्षण वरच्या मूठभरांना देता. काँगोत खालचं शिक्षण दिलं आणि वरचं अडवून धरलं. कारकून हवे होते, यंत्र चालवणारे हवे होते, परिचारक हवे होते. वकील, इंजिनिअर, न्यायाधीश नको होते, कारण ते प्रश्न विचारतात. लिओपोल्डव्हिलजवळचं लोव्हानियम हे पहिलं विद्यापीठ उघडलं तेच १९५४ मध्ये. स्वातंत्र्याच्या अवघी सहा वर्षं आधी!

या देशाचा पहिला पंतप्रधान पात्रीस लुमुम्बा पदवीधर नव्हता. टपाल खात्याचं प्रशिक्षण घेऊन तो स्टॅनलीव्हिलला टपाल कारकून झाला, पुढे बिअर कंपनीच्या विक्री विभागात लागला. बाकीचं सगळं त्याने हाती पडेल ते पुस्तक वाचून मिळवलं. ३० जूनच्या समारंभात बेल्जियमचे राजे बोदुआँ बोलायला उठले आणि त्यांनी दुसऱ्या लिओपोल्डच्या प्रतिभेचं कौतुक केलं. हा तोच लिओपोल्ड, ज्याने काँगो आपली खासगी मालमत्ता म्हणून चालवला आणि ज्याच्या काळात रबराचा भरणा कमी पडला म्हणून माणसांचे हात तोडले गेले. कार्यक्रमपत्रिकेत लुमुम्बाचं भाषण नव्हतं. तरी तो उठला. राजा समोर बसलेला असताना त्याने सक्तीची मजुरी, पोट न भरणारा पगार, जमिनींची लूट, सकाळ-दुपार-संध्याकाळ खाल्लेले फटके, आयुष्यभर ऐकलेलं अरे-तुरे, सगळं एकामागून एक बोलून दाखवलं. तेव्हा त्याला पस्तिसावं वर्ष पुरं व्हायला दोन दिवस होते.

पुढे पाचच दिवसांनी काय झालं, ते नीट पाहा. फौजेचे बेल्जियन सरसेनापती जनरल यान्सेन्स यांनी आपली माणसं जमवली आणि फळ्यावर खडूने लिहिलं: स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर. म्हणजे झेंडा बदलला असेल, तुमच्या बढतीचं विसरा. त्याच संध्याकाळी सैनिकांनी बंड पुकारलं. बेल्जियन अधिकारी, डॉक्टर, अभियंते, न्यायाधीश मोठ्या संख्येने देश सोडून गेले. बंडात गोऱ्या नागरिकांवर अत्याचार झाले, हेही खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. ११ जुलैला खाणींचा कटांगा प्रांत फुटून निघाला. त्याच्या पाठीशी खाण कंपनीचा पैसा आणि बेल्जियन सैनिक होते. महिनाभरात युरोपातली वर्तमानपत्रं लिहू लागली: आम्ही म्हणत नव्हतो का, ते अजून तयार नाहीत म्हणून?

ज्यांनी तयारी होऊ दिली नाही, तेच तयारी नसल्याचा दाखला देत होते. मला याचा आजही राग येतो आणि तुम्हालाही यावा, असं वाटतं.

मग पदवीधर असते तर सगळं सुरळीत झालं असतं का? याचंही उत्तर त्याच वर्षी मिळालं आणि ते आपल्यासारख्या शिकलेल्यांना झोंबणारं आहे. १४ सप्टेंबरला कर्नल मोबुटूने लष्कराच्या बळावर राजकारण्यांना बाजूला सारलं आणि कारभार एका आयुक्त मंडळाकडे सोपवला. या मंडळात कोण होते? देशातले मोजके पदवीधर आणि लोव्हानियममध्ये किंवा बेल्जियमच्या विद्यापीठांत शिकत असलेले विद्यार्थी. तुमच्या वयाची मुलं मंत्र्यांच्या खुर्च्यांवर बसली. शेजारी सल्लागार म्हणून बेल्जियन. त्यांच्या हुशारीबद्दल शंका नव्हती. पण त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं आणि आपण कुणाला उत्तर द्यायचं आहे, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. निवडून आलेला पंतप्रधान आधी नजरकैदेत आणि मग कोठडीत होता, तो याच मंडळाच्या काळात. त्याला त्याच्या हाडवैऱ्यांच्या ताब्यात, कटांगात, धाडण्याच्या निर्णयातही या मंडळातली माणसं सामील होती. १७ जानेवारी १९६१ च्या रात्री लुमुम्बाला आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. मागे खूण राहू नये म्हणून एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने मृतदेह आम्लात विरघळवले. त्या माणसाने स्वतःजवळ ठेवलेला लुमुम्बाचा एक दात बेल्जियमने २०२२ मध्ये त्याच्या मुलांच्या स्वाधीन केला.

त्या मंडळात न्याय खात्याचा उपआयुक्त होता एतिएन चिसेकेदी, लोव्हानियमचा कायद्याचा विद्यार्थी, वय सत्तावीस. पुढे तो मोबुटूच्या सरकारात मंत्रीही झाला. मग १९८० मध्ये बारा खासदारांबरोबर त्याने मोबुटूला हुकूमशाहीचा पाढा वाचणारं लांबलचक खुलं पत्र लिहिलं. तुरुंग, हद्दपारी, मारहाण सगळं सोसलं आणि मेला तेव्हाही तो विरोधी नेताच होता. माणूस बदलू शकतो, याचा मला आनंद आहे. पण ते पत्र लिहायला लागलेली वीस वर्षं काँगोला फार महाग पडली.

याच वर्षीचा दुसरा एक शिकलेला माणूस मला तुमच्यापुढे उभा करायचा आहे: रॉबर्ट सोबुक्वे. दक्षिण आफ्रिकेतल्या फोर्ट हेअर या काळ्यांच्या महाविद्यालयात तो शिकला. १९४९ मध्ये तिथल्या निरोप समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने तो बोलला, आणि आमचं शिक्षण म्हणजे आफ्रिकेची सेवा, असं त्याने सांगितलं. असं बोलणारे पुष्कळ असतात. अकरा वर्षांनी हा माणूस जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात झुलू भाषा शिकवत होता. नोकरी मानाची आणि त्या देशात काळ्या माणसाला सहसा न मिळणारी. २१ मार्च १९६० च्या आधी त्याने राजीनामा दिला. त्या दिवशी सकाळी तो ऑर्लंडोच्या पोलीस ठाण्यापर्यंत चालत गेला आणि माझ्याजवळ पास नाही, मला अटक करा, म्हणाला. काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात हिंडताफिरताना जवळ बाळगावा लागणारा तो पास होता. त्याच दिवशी शार्पव्हिलला पास न घेता जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसं मेली, त्यांतल्या बहुतेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या.

सोबुक्वेला तीन वर्षांची शिक्षा झाली. ती संपत आली तेव्हा त्याला सोडायचं नाही म्हणून संसदेने खास तरतूद केली, आणि रॉबेन बेटावर त्याला आणखी सहा वर्षं इतर कैद्यांपासून वेगळं, एकटं ठेवलं. तिथून त्याने लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी मिळवली. बेटावरून सुटल्यावर त्याला किंबर्लीत स्थानबद्ध केलं. तिथे तो कायदा शिकून वकील झाला. ज्या फोर्ट हेअरमध्ये तो घडला, ते महाविद्यालय सरकारने १९६० मध्येच आपल्या ताब्यात घेतलं होतं. शिकलेल्या काळ्या माणसाची धास्ती बेल्जियमइतकीच प्रिटोरियालाही होती.

वर्ष संपता संपता हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पोचला. १४ डिसेंबरला वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला: बाजूने ८९, विरोधात शून्य, तटस्थ ९. त्याचं तिसरं कलम तुम्ही काढून वाचा. राजकीय, आर्थिक, सामाजिक वा शैक्षणिक तयारी अपुरी आहे, ही सबब स्वातंत्र्य लांबवायला कधीही चालणार नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम तटस्थ राहिले. पोर्तुगालही. दुसऱ्याच दिवशी आमसभेने पोर्तुगालच्या वसाहतींची यादी मंजूर केली. अंगोला आणि मोझांबिकच्या बरोबरीने त्या यादीत आपला गोवा होता. गोवा हा आमचा सागरापारचा प्रांत, वसाहत नव्हे, हा लिस्बनचा दावा जगाने त्या दिवशी फेटाळला. वर्षभराने, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. इथे गोव्यातून आलेली जी मुलंमुली बसली आहेत, त्यांच्या आजीआजोबांच्या आयुष्याशी आफ्रिकेचं ते वर्ष असं जोडलेलं आहे.

वसाहती गेल्या, ती सबब मात्र राहिली. आपल्याकडे राखीव जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि फाईलवर शेरा असतो: योग्य उमेदवार मिळाला नाही. तुमच्यापैकी काहीजण उद्या निवड समित्यांवर बसतील, काहीजण तो शेरा लिहायच्या जागी असतील. अनेकजण असे आहेत की ज्यांच्या घरात आजवर कुणी महाविद्यालयाचं तोंड पाहिलं नव्हतं. तुमच्याबद्दलही कुणीतरी, कधीतरी, हे वाक्य म्हटलेलं आहे. म्हणून विनंती करतो: तो शेरा लिहिण्याआधी, त्या उमेदवाराला योग्य बनवण्याचं काम कुणाचं होतं आणि ते का झालं नाही, हे त्याच फाईलवर लिहा.

तयारी करायची म्हटली तर किती वेळ लागतो, तेही काँगोनेच दाखवलं आहे. डॉक्टर पळून गेले तेव्हा मागे राहिले ते काँगोलीज वैद्यकीय साहाय्यक. वर्षानुवर्षं रोगी तपासणारी, छोट्यामोठ्या शस्त्रक्रियांत हात तरबेज झालेली माणसं. अनुभव होता, पदवी घेण्याचा मार्ग कधी खुला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांतल्या कित्येकांना १९६० मध्येच फ्रान्सच्या विद्यापीठांत पाठवलं. जी गोष्ट अनेक पिढ्या अशक्य म्हणून सांगितली जात होती, ती सुमारे तीन वर्षांत झाली: ते डॉक्टर होऊन परत आले आणि आपल्या देशातल्या इस्पितळांत रुजू झाले.