वडसा : झाडीच्या उंबरठ्यावरील स्थानक

गोंदियाहून चांद्याकडे निघालेली आगगाडी वैनगंगेचा पूल ओलांडण्यापूर्वी ज्या स्थानकात थांबते, त्याच्या फलकावर ‘वडसा’ असे नाव आहे. परंतु उतरून नगरपरिषदेची कचेरी शोधू लागलात, तर तिच्या पाटीवर ‘देसाईगंज’ आढळेल. वडसा हे मूळचे खेडे. गंज म्हणजे बाजारपेठ. रेल्वेने खेड्याचे नाव राखले, कारभाराने बाजाराचे पत्करले. तेथील मंडळी दोन्ही नावे जोडूनच उच्चारतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बंगाल-नागपूर रेल्वेने या झाडीतून अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घातला. हेतू उघड होता. सागवान, बांबू, तेंदूची पाने, धान ही या मुलुखाची दौलत, आणि ती बाहेर न्यायची तर बैलगाडी पुरी पडत नव्हती. हा अरुंद मार्ग जवळजवळ शतकाच्या अखेरपर्यंत टिकला; 1990 नंतरच्या दशकात तो रुंद झाला.

26 ऑगस्ट 1982 रोजी जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा निराळा झाला, आणि वडशाला अवचित एक मान मिळाला. 14,412 चौरस किलोमीटरांच्या या अरण्यमय जिल्ह्यात आगगाडीने यायचे तर हेच दार! ते दारही अगदी उत्तरेच्या कडेला. जिल्ह्याचे मुख्य ठाणे येथून सुमारे 50 किलोमीटर दूर. दक्षिण टोकाच्या सिरोंच्याच्या माणसाला तर येथवर येण्यास दोनशे किलोमीटरांहून अधिक मजल मारावी लागते. 2011 च्या गणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 10,72,942 भरली. त्यांत वडशाचा वाटा अवघा सुमारे 28 हजारांचा. एवढ्याशा वस्तीकडे साऱ्या जिल्ह्याची वाट यावी, हे काही त्या गावाचे कर्तृत्व नव्हे. रूळ जेथून गेले तेथून ते गेले, इतकेच.

कर्तृत्व पाहावयाचे असेल तर दिवाळीनंतर जावे. धानाची कापणी आटोपते, गावोगावी मंडई भरते, शंकरपटात बैल धावतात, आणि रात्र पडली की नाटक उभे राहते. ते पहाटेपर्यंत चालते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांतील या झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे वडसा हेच होय. नाट्यसंस्थांच्या कचेऱ्या येथे. गावकरी येऊन नाटक ठरवतात, विसार देतात, तारीख पक्की करतात. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली. पुण्या-मुंबईकडील रसिकांना हे नाव त्या दिवशीच प्रथम कळले असेल, तर तो दोष झाडीचा खास नव्हे.

वडशाहून गडचिरोलीपर्यंत सुमारे 52 किलोमीटरांचा नवा लोहमार्ग मंजूर झाला. वनजमिनीच्या परवानग्या आणि वाढता खर्च यांत तो वर्षानुवर्षे रेंगाळला. तो पुरा झाला म्हणजे येथे उतरून मोटार शोधणारा उतारू गाडीतच बसून पुढे जाईल. चहाच्या टपऱ्या, खानावळी, मोटारींचा तळ यांवर पोट भरणाऱ्यांना त्याची झळ लागेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. परंतु गडचिरोलीच्या आजाऱ्याला नागपूर गाठावयाचे असते, तेथील विद्यार्थ्याला परीक्षेस वेळेवर पोहोचावयाचे असते; त्यांच्या बाजूने पाहिले तर हा मार्ग आधीच फार उशिरा आला आहे. नाटकमंडळींचे मात्र फारसे बिघडू नये. त्यांचा रंगमंच आगगाडीने जातच नाही. रूळ नसलेल्या गावांना तो रस्त्यानेच जातो.