वनौषधी, वजन आणि रक्तशर्करा

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



या व्याख्यानमालेत आरोग्यावर बोलावे अशी सूचना आली, तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेही आणि स्थूल व्यक्तींपैकी पुष्कळांच्या घरी माझ्या चिठ्ठीतील गोळ्यांशेजारी एखादी चूर्णाची डबी असतेच. ती मला मात्र दाखविली जात नाही. ‘झाडपाल्याचेच आहे, त्याने काय अपाय होणार?’ या एका वाक्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी पर्युषण काळात एका ज्येष्ठ श्राविकेला पहाटे बेशुद्धावस्थेत आणण्यात आले. रक्तातील साखर ४० च्याही खाली गेली होती. मधुमेहाची गोळी नेहमीची, चौविहारही नेहमीचा. मग नवे काय घडले? बऱ्याच वेळाने सूनबाईंना आठवले, “आईंनी महिन्यापासून कारले आणि जांभूळबीचे चूर्ण सुरू केले आहे, दोन्ही वेळा.” शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या शुद्धीवर आल्या आणि म्हणाल्या, “रात्री घाम फुटला, हात थरथरले, ते मला कळत होते. पण व्रत मोडले असते.” सगळा दोष चूर्णाचा होता असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी एकासनाचे जेवण जेमतेम झाले होते आणि त्यांची गोळी, पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन स्रवून घेणारी होती. चूर्णाने त्यात किती भर घातली, हे कोणालाच मोजता आले नसते. मला खटकले ते एवढेच की, त्याचा मला पत्ताही नव्हता.

वनस्पतींमध्ये सामर्थ्य नसते, असे मानणारा मी नव्हे. आज सर्वाधिक वापरले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध युरोपातील गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील द्रव्याच्या अभ्यासातूनच पुढे आले. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये त्याचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध झाला. मूळ वनस्पती गुरांना विषारी ठरत असे, हेही ध्यानात घ्यावे. गुडमारचे पान चावून साखर तोंडात घातली, तर काही काळ गोडी कळत नाही. मेथीवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत काम झाले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांना तेल काढलेल्या मेथीची पूड दिवसाला १०० ग्रॅम, चपातीत मिसळून देण्यात आली आणि साखर उतरली. आता १०० ग्रॅम कोठे आणि आपण रात्री भिजत घालतो ती चमचाभर मेथी कोठे! ती जरूर घ्यावी. तीवर विसंबून गोळी मात्र सोडू नये.

वजनाच्या बाबतीत निराशा अधिक आहे. आपल्या कोकमाचा एक भाऊबंद केरळात मलबारी चिंच म्हणून आमटीत घालतात. गार्सिनिया या नावाने त्याच्या सालीचा अर्क जगभर चरबी वितळविणारा म्हणून विकला गेला. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे त्याची चाचणी झाली. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने घटले आणि नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने! दोघांनाही आहार कमी दिला होता, एवढेच. पुढे या अर्काने यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी झाल्या. कोकमाचे सार बिनदिक्कत प्यावे. भाजीपाला आणि आटवलेला अर्क यांत अंतर असते.

याहून गंभीर बाब भेसळीची. सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले दीडशे रुग्ण साखर अत्यंत खाली जाऊन दाखल झाले, चार दगावले. बहुतेकांच्या रक्तात ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहावरील औषध सापडले. शक्तिवर्धक म्हणून विकल्या गेलेल्या नकली आणि वनौषधी गोळ्यांतून ते शरीरात गेले होते. वजन उतरविणाऱ्या ‘नैसर्गिक’ गोळ्यांत सिब्युट्रामिन वारंवार आढळले आहे. हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे या औषधावर भारतात २०११ मध्ये बंदी आली. म्हणून ‘आठ दिवसांत गुण’ येतो, तेव्हा आनंदापेक्षा शंका अधिक यावी. मधुमेह अथवा स्थूलता बरी करण्याचा दावा जाहिरातीत करणे १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. तरीही अशी पत्रके आपल्या हाती पडतातच.

आपल्या समाजापुरती आणखी एक गोष्ट. आत वनस्पती असली तरी बाहेरील कॅप्सूल पुष्कळदा जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून केलेली असते. डबीवर पान छापले म्हणून ती शाकाहारी होत नाही. वेष्टनावर वनस्पतिजन्य कॅप्सूल असल्याचे लिहिले आहे का, ते पाहावे.

आणि तपाविषयी. उपवास, आयंबील वा अठ्ठाई आरंभण्यापूर्वी मधुमेहींनी डॉक्टरांना भेटावे. गोळीची वेळ व मात्रा बदलावी लागते आणि काहींना उपवास करूच नये असे सांगावे लागते. रात्री घाम, थरथर, धडधड जाणवली, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून तत्काळ घ्यावी. प्रत्याख्यानातच समाधीसाठी आगार ठेवलेला आहे. साधू-साध्वीजींकडून तो आधीच समजून घेतला, तर मध्यरात्री निर्णय करण्याची वेळ येत नाही. त्या श्राविकेनेही पुढे तसेच केले. आता त्यांच्या उशाशी खडीसाखरेची डबी असते.

उद्या सकाळी संस्थेच्या सभागृहात रक्तशर्करा तपासणी आहे. उपाशीपोटी यावे. आणि येताना घरातील सर्व चूर्णे, काढे, कॅप्सूलच्या डब्या एका पिशवीत घालून आणाव्यात. वेष्टने फाडून टाकली असतील, तर आहे तशी पुडी आणावी. मी रागावणार नाही.