फिर्यादी कोण?



गुन्ह्याची खोटी खबर दोन वाटांनी येते. पहिली वाट पोलीस ठाण्यातून जाते. वसुलीची रक्कम घेऊन निघालेला माणूस मालकाचे पैसे परस्पर उडवतो, मग स्वतःच्याच डोळ्यांत मिरचीची पूड टाकून महामार्गावर लुटल्याची फिर्याद देतो. ‘लुटीचा बनाव उघड’ हा मथळा आपल्या जळगाव-धुळ्याच्या वाचकांना नवा नाही. नाकाबंदी होते, सीसीटीव्ही तपासले जातात, मोबाईलचे लोकेशन काढले जाते आणि उलटतपासणीत फिर्यादी अडखळतो. पण तो सापडेपर्यंत संशयावरून उचलले जातात ते पूर्वी ठाण्याची पायरी चढलेले किंवा पालावर राहणारे लोक. त्यांची माफी मागायला कोणी जात नाही.

तरीही या खोटेपणाला एक लगाम असतो. फिर्यादीखाली सही असते, स्टेशन डायरीत नोंद असते, फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते. खोटी माहिती देणे आणि खोटा आरोप करणे हे गुन्हेच आहेत. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमे 182 आणि 211 होती, आता भारतीय न्याय संहितेत 217 आणि 248 आहेत. म्हणजे ‘हे कोण म्हणतो?’ याचे उत्तर कागदावर असते.

दुसऱ्या वाटेने येणाऱ्या खबरेला सहीच नसते. तिच्याविषयी मला आज बोलायचे आहे, कारण तिने आपल्या खानदेशात पाच माणसे मारली.

1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून कुजबुज सुरू झाली. ‘पोरं पळवणारी टोळी आलीय’ हे मेसेज आधीच कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होते. बाजारातल्या लोकांनी त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथे मिळेल त्या वस्तूने मरेपर्यंत मारले. पिंपळनेर ठाण्यातून आलेल्या पोलिसांवरही जमाव उलटला.

ग्रामपंचायतीचे कार्यालय! जिथे दाखला मिळतो, ग्रामसेवक बसतो, सरकारचे बोधचिन्ह भिंतीवर असते, ती खोली. मला या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत जास्त छळते. लोकांनी त्यांना शेतात किंवा जंगलात नेले नाही. शासनाच्या दारात नेले. आणि शासनाला कळवण्याऐवजी निवाडा स्वतःच उरकून टाकला.

त्याच दिवशी मालेगावातही असाच जमाव एका कुटुंबावर धावून गेला. त्यांच्याबरोबर लहान मूल होते. पोलिसांनी त्यांना कसेबसे वाचवले. त्या काळात फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. तिचा शेवट, जिथे ‘मुलांना जपा’ असे सांगितले आहे, तो कापून टाकलेला. दुसऱ्या एका चित्रफितीतली ओळीने ठेवलेली मुलांची प्रेते 2013 साली सीरियात विषारी वायूने मारलेल्या मुलांची होती. तीच आपल्याकडे ‘मूत्रपिंडे काढलेली मुले’ म्हणून पोहोचली.

लोक अडाणी होते म्हणून विश्वास बसला, हे उत्तर मला मान्य नाही. मेसेज शिकलेल्यांनीही पुढे पाठवले आणि ‘काळजीपोटी पाठवला’ असेच ते म्हणतात. त्या काळजीला खरा आधारही होता. मुले बेपत्ता होतातच. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात सांगितले, की बेपत्ता मुलाची प्रत्येक तक्रार अपहरण समजूनच नोंदवा. निर्णय अत्यंत योग्य होता. पण त्यामुळे रागावून घर सोडलेला मुलगाही नोंदीत अपहृत दिसतो, आणि आकडा वाचणाऱ्याला टोळी दिसू लागते. ज्या आईचे मूल खरोखर हरवले आहे, तिचे यात काय होते? खोट्या आवयांचा पाऊस पडला की तिची खरी हाकही त्यातच वाहून जाते.

नंतर सारे काही झाले. वीसहून अधिक जणांना अटक झाली. राईनपाड्यातले कर्ते पुरुष पळून गेले आणि गाव ओस पडले. मृतांच्या नातेवाइकांनी मागण्या मान्य होईपर्यंत मृतदेह ताब्यात घेतले नाहीत. शासनाने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये जाहीर केले. आपल्या जळगावचे उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमण्यात आले. 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितले. व्हॉट्सअॅपने एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. तरी एप्रिल 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक तसेच मारले गेले, आणि सप्टेंबर 2022 मध्ये जत तालुक्यात चार साधूंना बेदम मारहाण झाली.

या सगळ्यावर एक उपाय फार सुचवला जातो: भटक्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावे, गावात शिरताना ठाण्यात नोंद करावी. ऐकायला सोपे वाटते. पण 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कित्येक भटक्या जमातींना पोलिसांकडे हजेरी लावावी लागत होती. त्या जमातींना कायद्याच्या यादीतून मोकळे व्हायला 1952 साल उजाडले. निर्दोष माणसाने आपले निर्दोषत्व कागदावर घेऊन फिरायचे, ही तीच जुनी हजेरी आहे. ओळख विचारायचीच असेल तर मेसेज पाठवणाऱ्याला विचारा.

आणि ती विचारण्याची सोय गावात आहे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 नुसार गावोगाव पोलीस पाटील असतो. गावात संशयास्पद काही दिसले, तर ते पोलिसांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम आहे. त्याला मोबाईलवर आलेला मेसेज दाखवा. तो तुम्हाला विचारील, ‘कुठलं मूल? कधी हरवलं? फिर्याद कोणी दिली?’ पुष्कळ गावांत हे पद रिकामे राहते आणि मानधन तुटपुंजे असते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींकडे मी याच मंचावरून मागणी करतो, की सातपुड्याच्या आणि साक्रीच्या डोंगरपट्ट्यातली ही पदे आधी भरा.