दुसरी पसंती



तुमच्यापैकी ज्यांनी पदवीधर मतदारसंघात मत दिले आहे, त्यांनी तो जांभळ्या शाईचा पेन आठवावा. केंद्रावर मिळालेल्या त्याच पेनाने नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे घालायचे. बरोबरची खूण केली की मत बाद. ‘एक’ असे अक्षरात लिहिले तरी बाद. ही पसंतीक्रमाची पद्धत आपल्या घरातलीच आहे. फक्त ती गावापर्यंत पोचलेली नाही.

अमेरिकेतल्या ओकलंड शहरात ती पोचली. कॅलिफोर्नियात शहराच्या निवडणुका, आपल्या ग्रामपंचायतीसारख्याच, पक्षचिन्हाविना होतात. 2010 साली महापौरपदासाठी दहा जण उभे होते. पहिल्या पसंतीची सुमारे 34 टक्के मते डॉन पेराटा यांना, जीन क्वान यांना सुमारे 24. आपल्याकडे तेवढ्यावर गुलाल उधळला गेला असता. तिथे तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघायची आणि ते मत त्या उमेदवाराच्या पारड्यात टाकायचे, असे फेरीमागून फेरी चालले. तिसऱ्या क्रमांकाच्या रिबेका कॅप्लन बाद झाल्या, तेव्हा त्यांची बरीच मते क्वान यांच्याकडे वळली. शेवटी क्वान सुमारे 51 टक्क्यांवर पोचल्या आणि दोन हजारांच्या आसपास मतांनी निवडून आल्या. दोनतृतीयांश मतदारांनी ज्यांना पहिली पसंती दिली नव्हती, ते पेराटा निव्वळ मतविभागणीमुळे महापौर झाले नाहीत. मला हे न्यायाचे वाटते.

यातही उणिवा आहेत, त्या लपवणार नाही. तेव्हा तीनच पसंती देता येत असल्यामुळे हजारो मतपत्रिकांवरच्या पसंती शेवटच्या फेरीआधीच संपल्या. ते 51 टक्के उरलेल्या मतांतले होते. पुढे 2022 मध्ये त्याच शहरात शाळा-मंडळाच्या एका जागेची मोजणी चुकली आणि जाहीर झालेला निकाल कोर्टात बदलला. मोजणीची रीत गावातल्या माणसाला डोळ्यांनी पाहून समजली पाहिजे, हा धडा मी त्यातून घेतो.

म्हणूनच मी सरपंचपदाकडे बोट दाखवतो. आपल्याकडे सरपंच थेट जनतेतून निवडला जातो. चौरंगी लढतीत तीस-पस्तीस टक्क्यांवरही माणूस निवडून येतो. मग एका भावकीची मते फोडायला दुसराच कोणी उभा केला जातो, आणि चांगल्या उमेदवाराला ‘तू बस, मते खाशील’ म्हणून अर्ज मागे घ्यायला लावतात. पसंतीक्रमात त्याला बसवण्याचे कारणच उरत नाही. एका गावाची मते ती किती! कागदी मतपत्रिका असतील, तर सगळ्यांसमोर टेबलावर गठ्ठे लावून मोजता येतील.

अडाणी माणसाला हे जमेल का, असे विचारतात. एसटीची वेळ, नोटेवरची रक्कम, मोबाईलचा नंबर हे सगळे आकडे तो रोज वाचतो. मला शंका मतदाराची नाही, कायदा करणाऱ्यांची आहे. ग्रामपंचायत अधिनियमात दुरुस्ती करणे विधानमंडळाच्या हातात आहे. येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडा आणि आपल्या आमदारांकडे पाठवा.