हसवणारी बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठ्या व्याख्यानाची अपेक्षा ठेवू नका. टेलिव्हिजनवर लोकांना पोट धरून हसवणाऱ्या एका अमेरिकन नटीविषयी दोन शब्द सांगते. तिचे नाव ल्युसिल बॉल.

तिचा जन्म १९११ चा. चार वर्षांची होण्याआधीच वडील विषमज्वराने गेले. पुढे नाट्यशाळेत घातले, तर शाळेने आईला कळवले की मुलीत काही दम नाही, पैसे वाया घालवू नका. हॉलिवुडात तिने पुष्कळ चित्रपट केले, पण मोठे नाव झाले नाही. १९५१ साली 'आय लव्ह ल्युसी' ही मालिका सुरू झाली, तेव्हा ती चाळीस वर्षांची होती आणि मांडीवर तीन महिन्यांची मुलगी होती!

मालिकेतली ल्युसी आपल्यासारखीच गृहिणी. १९५२ च्या एका भागात नवरे घर सांभाळतात आणि ल्युसी व तिची मैत्रीण चॉकलेटच्या कारखान्यात कामाला जातात. पट्टा भराभर धावू लागतो. चॉकलेटे कागदात गुंडाळता गुंडाळता दोघींची तारांबळ उडते. मग ती तोंडात, टोपीत, पोलक्यात, मिळेल तिथे कोंबतात. इकडे घरी नवऱ्यांचा भात पातेल्यातून उतू जाऊन स्वयंपाकघरभर होतो. हसता हसता घरकामाची किंमत कळते, ती अशी.

हा गोंधळ आपोआप होत नसे, बरे का! त्यामागे कसून तालीम असे. मग समोर प्रेक्षक बसवून तीन कॅमेऱ्यांनी चित्रण होई. त्या काळी टेलिव्हिजनवर 'गरोदर' हा शब्दही चालत नसे. तरी दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिने काम थांबवले नाही. १९ जानेवारी १९५३ रोजी मालिकेत ल्युसीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी तिलाही खराच मुलगा झाला.

व्यवहारातही ती वेंधळी नव्हती. चित्रणाचा खर्च वाढला तेव्हा तिने व तिचे पती देसी अर्नाझ यांनी मेहनताना कमी घेतला, पण चित्रफितींची मालकी आपल्याकडे ठेवली. १९६० मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. १९६२ मध्ये पतीचा वाटा विकत घेऊन तिने 'देसिलू' ही कंपनी स्वतः चालवली. १९६६ ची 'स्टार ट्रेक' ही गाजलेली मालिका तिथलीच. १९८९ मध्ये ती वारली.

भगिनींनो, आपल्या नाटुकल्यात राणी व्हायला चौघीजणी पुढे येतात. फजिती होणाऱ्या बाईचे काम मात्र कुणालाच नको असते. लोक हसतील ही भीती! पण आपले हसे होणे निराळे आणि आपण हसवणे निराळे. हसवायला धीर लागतो, मेहनत लागते. तेव्हा पुढच्या वर्षी त्या कामासाठीही दोन हात वर होऊ देत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.